वेल्डा आंघोळीला गेलीय

— नाही गं बाई, मी कुठली वेल्डा! वेल्डा आंघोळीला गेलीय. आज तिचा वार ना — इथं म्हाताऱ्यांच्या घरात आंघोळीलासुद्धा वार लावून दिलेत, माणूस मळलेलं असो नसो. मी तिची खोलीतली सोबतीण. माझं नाव? नाव विचारू नकोस, इथं कुणी नावानं हाक मारत नाही. ती मार्लिस — जाडी नर्स, खाली भेटली असेल — ती सगळ्यांनाच बाळा, सोन्या म्हणते, म्हणजे नावं पाठ करायला नकोत. काय? खाट एकच कशी? दुसरी रंगवायला नेलीय. बस की. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय डगमगतो, मागं आमचे पाद्री पडले तिच्यावरनं — मी काही केलं नव्हतं हं, फक्त सांगितलं नव्हतं. इथं बस, पलंगावर. आणि केवढी गं उंच तू! तू पण बास्केटबॉलची सेंटर ना? ओळखलं मी. दारातनं वाकून आत आलीस. दार चांगलं उंच आहे, वाकायची काही गरज नव्हती, पण मानेलाच सवय लागते. वेल्डाचं तस्संच.

तर खाली गाडी उभी केलीस म्हणतेस. सातला सामना. मध्यंतरात वेल्डाला कोर्टावर नेणार, जुन्या टीममधली ही एकच जिवंत राहिली म्हणून सांगणार, फुलं देणार — फुलं कुठली, या बर्फात? — आणि मग काय म्हणालीस? एक चेंडू टाकायला देणार? जाळीत? सगळ्यांसमोर? हे कुणाच्या डोक्यातनं निघालं? तुझ्या? छान. छान आहे हो. कॉफी घेतेस? पातळ असते इथली, कपाच्या तळाची चीर दिसते तिच्यातनं.

वेल्डा येईपर्यंत सांगते ना, बस. ती सेंटर होती तुमच्याच कॉलेजात, छत्तीस साली. तेव्हा तिथं नुसत्या मास्तरणी तयार करायचे. गावात तिला शिडी म्हणायचे. चर्चमधला दिवा पुसायचाय? बोलवा शिडीला. झाडावर मांजर अडकलंय? शिडी कुठाय? मग कॉलेजात मिस हेनिंग — खेळाच्या बाई, सुतासारख्या सरळ — त्यांनी पहिल्याच दिवशी हिला भिंतीला लावून उभी केली, वर बघितलं, म्हणाल्या, तू सेंटर. झालं! खेळता येतं का, खेळायचंय का — काही नाही. उंच माणसाला कोण विचारतंय! आणि आता ऐक, हसू नकोस. तेव्हा बायकांचं कोर्ट तीन खणांचं असायचं. जमिनीवर दोन आडव्या रेघा. एका टोकाच्या खणात आपल्या चेंडू टाकणाऱ्या, दुसऱ्या टोकाला अडवणाऱ्या, आणि मधल्या खणात सेंटर. रेघ ओलांडायची नाही. ओलांडली की शिट्टी. का म्हणजे? डॉक्टर लोक म्हणायचे, पोरी अख्खं कोर्ट पळाल्या तर पोटातलं काहीतरी सुटतं आणि मुलंबाळं होत नाहीत. हस, हस. ह्याच पोरी पहाटे उठून गोठाभर गायींच्या धारा काढून, दुधाच्या बरण्या उचलून कॉलेजात यायच्या — तेव्हा नाही काही सुटायचं!

आणि दर बास्केटनंतर चेंडू परत मधे. पंचानं वर फेकायचा, वेल्डानं उडी मारायची, टिच्चकन ब्यूलाकडे उडवायचा. ब्यूला म्हणजे टाकणारी, गुबगुबीत, पेपरात फोटो यायचा तो तिचा. आणि मग वेल्डा रेघेशी उभी. बघत. हॉल ओरडतोय, ही बघतेय. पडला जाळीत? चला, परत मधे, परत उडी. सगळी कारकीर्द अशी — उडी मार, दुसरीला दे, उभी राहा. तिच्या नावावर एक गुण नाही, पोरी. एक पण नाही. तू मागच्या सामन्यात किती केलेस? — अगं बाई! आणि तोंड पाडून सांगतेस, हरलो म्हणून!

पण वेल्डा सोडते होय? शेवटचा सामना सांगते. समोर नर्सिंगच्या पोरी, दांडग्या एकेक. त्या एका गुणानं पुढं, एका बास्केटचे दोन, आणि वेळ संपत आलेली. पंच म्हणजे आपला लार्स, खिळे-कुलपं विकायचा तो. त्याचंच कुत्रं शिरलं कोर्टात! तो त्याची शेपूट धरून ओढतोय, पाठ इकडं. ब्यूला आणि दोन नर्सेस धडकून आडव्या, पायात पाय. आणि चेंडू घरंगळत आला तो वेल्डाच्या हातात. पुढं सगळं मोकळं. जाळी इथं — त्या खिडकीएवढी लांब. अख्खा हॉल उभा राहिला — जा, वेल्डा, जा! मिस हेनिंग, ज्या कधी मोठ्यानं शिंकल्या नव्हत्या, त्या बाकावर चढून — जा गं पोरी, कुणी बघत नाही! — आणि गेली की ती! ओलांडली रेघ, टाकला चेंडू, सप्पकन आत! असा हॉल उसळला म्हणून सांगू —

काय? मग जिंकलं कोण? जिंकलो ना — म्हणजे — त्या जिंकल्या. नर्सेस. एका गुणानं. — हो, बरोबर आहे तुझं, आत गेला असता तर आपण जिंकलो असतो. हिशेब येतो हो तुला. ओर्व्हल म्हणायचा, उंच बाईच्या डोक्यापर्यंत रक्त पोचत नाही. ओर्व्हल, माझा नवरा. वेल्डाचा. — वेल्डाचाच गं! दोघींत एकच, इथं जागेची किती टंचाई आहे बघतेस ना.

नाही गेली ती. झालं समाधान? नाही गेली. पळत आली ती रेघेपर्यंत, आणि पाय थांबले. बुटांची टोकं रेघेला, चेंडू छातीशी, आणि डोकं काय शोधत होतं माहितेय? — कुणाला देऊ. कुणाला देऊ! सगळ्या पडलेल्या, घ्यायला कुणी नाही, आणि मी आपली इकडं बघतेय, तिकडं बघतेय, वेड्यासारखी — तोवर कुत्रं गेलं बाहेर, लार्स वळला, शिट्टी. चेंडू धरून ठेवला म्हणून. संपलं. चिडलं असतं ना कुणी, तर बरं झालं असतं. मिस हेनिंग बाकावरनं उतरल्या, परकर झटकला, माझ्या पाठीवर हात ठेवला, म्हणाल्या, "शहाणी मुलगी." आत्ता हीच बाई बाकावर चढून बोंबलत होती! शहाणी मुलगी. ते जे चिकटलं. ओर्व्हलशी लग्न ठरलं, त्याची आई आजारी पडली, कॉलेज सोड म्हणाले, सोडलं — शहाणी मुलगी. ओर्व्हलला तिकडं लांब नेब्रास्कात जमीन मिळत होती, ट्रंक भरली होती मी, त्याची आई म्हणाली नको, ट्रंक रिकामी केली — शहाणी मुलगी. पुढं मुलांसाठी कोठाराच्या भिंतीला कडं लावलं त्यानं, जाळी-बिळी सगळं. अंडी गोळा करायला तिथनंच जायचं मला. चेंडू यायचा पायाशी. आई, टाक ना, एकदाच टाक ना! मी टोपली खाली ठेवायची, चेंडू उचलायचा, आणि द्यायची. छातीसमोरनं, झकास, बरोब्बर पोराच्या हातात. तिथं कुठं रेघ होती गं? कोंबड्यांचं अंगण ते. शिट्टी कोण वाजवणार होतं, कोंबडा?

अगं, कपाट कशाला उघडलंस? राहू दे तो कोट. वेल्डाचा आहे. — हो, ठाऊक आहे तुला, केव्हाच कळलंय, त्या खाटेवरनंच कळलं ना? लबाड कार्टी, निमूट बसून ऐकलंस सगळं. माझ्यावरच चाल! पण कोट ठेव. इथनं सोडत नाहीत. कमरेचं हाड आहे, बर्फ आहे, मार्लिसला विचारावं लागतं — विचारलंस? हो म्हणाली? हो कशी म्हणेल ती! सकाळी सांगून ठेवलं होतं मी तिला, कुणी उंच मुलगी आली तर नाही म्हण, डॉक्टरांचं नाव घे म्हणून. चॉकलेटचा अख्खा डबा दिला. डबाही खाल्ला आणि हो म्हणाली? विश्वास म्हणून राहिला नाही जगात.

तशी बघू नकोस माझ्याकडं. नाही, पडायची भीती नाही. लोक हसतील म्हणून? हसू देत, मी आयुष्यभर लोकांना हसवलंय. चेंडू आत नाही गेला तर नाही गेला. म्हातारी आहे, टाळ्या वाजवतील, केक देतील. आणि गेला तर? — नाही, तू सांग ना, तू खेळतेस. गेला आत, पहिल्याच खेपेला, ह्या वयात, ह्या कमरेनं — म्हणजे एवढंच होतं ते? एवढंच करायचं होतं? मग ते कोठार, ती ट्रंक, तो —

जा तू. आज जेवायला हिरवी जेली आहे, किसलेलं गाजर घातलेली, उशीर झाला की ती हॅझेल दोन दोन वाट्या उचलते. आणि तुझी टीम वाट बघत असेल, सेंटरशिवाय सुरू कसं करणार? जा. कोट हँगरला — बरं, दे इकडं, मांडीवर ठेव. घालत नाहीये मी. गार पडतंय म्हणून नुसता. माझे बूट पण बाहेर काढलेस? कुणी सांगितलं होतं? ठेव तिथंच, आणि निघ आता, बाई. दार लावून घे.

अगं, आतून काय लावतेस! बाहेरून. बाहेरून लाव म्हटलं.