दुखरी दाढ आणि सोनेरी कार्ड

अहो ताई, दोनच तास ना झाले तुम्हाला? मग कुरकुरताय कशाला! मी साडेतीन तास बसलोय इथं, गाल हा असा टम्म फुगलाय, आणि ती काउंटरवरची मुलगी मान वर करून बघायला तयार नाही... मघाशी विचारलं, 'अहो, माझा नंबर कधी?' तर म्हणते कशी, 'आला की हाक मारू. बसा!' व्वा! कानाला काय गोड वाटलं म्हणून सांगू! नाव विचारलं नाही, 'सर' म्हटलं नाही, हसलीसुद्धा नाही. पंखा बंद, मासिकाची निम्मी पानं फाटलेली, नळाला पाणी नाही... याला म्हणतात दवाखाना! तुम्ही म्हणता सर्व्हिस वाईट. अहो, वाईट सर्व्हिसनं आजवर कुणाचं वाटोळं केलंय? माणूस चार शिव्या देतो आणि घरी जाऊन झोपतो. चांगल्या सर्व्हिसनं काय होतं ते मला विचारा. विचारा ना! नाही नाही, दाढ दुखतेच आहे, पण गप्प बसलो की जास्त दुखते.

तर तुम्हाला सांगतो, एक विमान कंपनी आहे. नाव घेत नाही. घेतलं तर त्यांना कुठून तरी कळेल आणि आभाराचा फोन येईल! बावीस वर्षं मी कारखान्यांचे वजनकाटे तपासत हिंडलो, ट्रक वर चढवून वजन करतात ना, ते काटे. आज या गावी, उद्या त्या गावी, महिन्यातले अठरा दिवस विमानात. मग त्या लोकांनी मला सोनेरी कार्ड दिलं. सोनेरी म्हणजे प्लास्टिकचंच हो, पण काय त्याचा रुबाब! रांगेत उभं राहायचं नाही, आपला दरवाजा निराळा, बसायची खोली निराळी, तिथल्या खुर्च्या अशा गुबगुबीत की उठताना कुणाचातरी हात धरावा लागतो... आणि देतात! वीस किलो सामान जास्त न्यायची परवानगी. मी काय नेणार? दोन शर्ट आणि एक पाना! पण नेता येतं म्हटल्यावर छाती फुगतेच की. आणि विमानात पाय ठेवला की, 'या सर! तुमची तिसरी रांग, कडेची सीट, चहा बिनसाखरेचा, पेपर शेवटच्या पानावर उघडून ठेवलाय.' सर्व्हिस म्हणाल तर... बोट ठेवायला जागा नाही!

आणि घरी? घरी आमची ही बावीस वर्षं विचारतेय, 'अहो, साखर किती घालू?' तिची चूक नाही. पाहुण्याला विचारावंच लागतं.

ही म्हणजे आमची बायको. प्राथमिक शाळेत शिक्षिका, एकतीस वर्षं. तिच्या शाळेचा एक कार्यक्रम मी पाहिला असेल तर शपथ! दरवर्षी म्हणायचं, 'पुढच्या वर्षी नक्की.' आणि पुढच्या वर्षी मी कुठल्या तरी कारखान्यात काट्याखाली आडवा पडलेला. मग पाच महिन्यांपूर्वी कंपनीनं सांगितलं, आता फिरायचं बंद, काटे कॉम्प्युटरवरूनच तपासता येतात, तुम्ही इथं टेबलावर बसा. ही कधी नव्हे ती खूश झाली. आणि गेल्या महिन्यात म्हणाली, 'येत्या शनिवारी पाच वाजता माझा निरोप समारंभ आहे. पहिल्या रांगेत बसायचं. आणि सकाळी कुठं जाऊ नका हं... भाषण लिहिलंय मी. आधी एकदा तुम्हाला वाचून दाखवायचंय.' एवढंच! एकतीस वर्षांत बाईनं मागितलं काय, तर एक सकाळ. मी म्हटलं, 'अगं, हे काय सांगणं झालं?'

आणि गुरुवारी आलं ना ते पत्र! 'आदरणीय सर, आपल्या सोनेरी कार्डाची मुदत शनिवारी संपत आहे. केवळ एक प्रवास, जाऊन-येऊन, कमी पडतो आहे. आपण आमचे आहात.' आपण आमचे आहात! इतकं घरच्या कुणी म्हटलं नव्हतं हो मला. एक प्रवास केला नाही तर सोनेरीचं निळं होणार. निळं कार्ड म्हणजे काय माहितीय? काही नाही! रांगेत उभे राहा, चहात साखर घ्या आणि गप्प बसा. काका, तुम्ही हसू नका, टाके उसवतील तुमचे... माझं डोकं फिरलं, कबूल करतो. शुक्रवारी साहेबानं सुट्टी दिली नाही. राहिला शनिवार. सकाळी सातचं विमान, पलीकडे उतरायचं, त्याच विमानात परत चढायचं, दुपारी एकला परत. कुठंही जायचं नाही, कुणाला भेटायचं नाही, नुसतं कार्डासाठी वर जाऊन खाली यायचं! पिशवी न घेता बाजारात जाऊन आल्यासारखं! आणि हिला काय सांगितलं? सांगितलं, 'दाढ ठणकतेय गं, डॉक्टरनं सकाळीच बोलावलंय.' ही म्हणाली, 'मी येऊ का सोबत?' म्हटलं, 'छे छे, तू भाषण बघ.' हातात कागद होते तिच्या. चार पानं. तिनं घडी घातली आणि म्हणाली, 'आल्यावर ऐका मग.' मी म्हटलं, 'आल्यावर नक्की.'

आता मला सांगा, विमानं उशिरा सुटतात की नाही? जगभर सुटतात! उशीर झाला असता तर मी तिथूनच परत फिरलो असतो, देवाशप्पथ. पण नाही! हे सातला म्हणजे सातला उडालं. दारातच ती मोठी हवाई सुंदरी, आमची जुनी ओळखीची, 'या सर! चार महिने दिसला नाहीत, तब्येत बरी ना?' तिनं चौकशी केली की माणूस विरघळतो, तिथंच घात आहे. मी हळूच म्हटलं, 'जरा कापूस मिळेल का?' घरी जाताना गालात धरायला, दाढेचा पुरावा नको का! तर ती लगेच, 'कापूस? सर, दाढ दुखतेय?' आता काय म्हणू? म्हटलं, 'हो.' झालं! तिथून जी सेवा सुरू झाली... कोमट पाणी, मीठ, गालाला बर्फ, पाठीमागे उशी. आणि नाश्ता? सगळ्या विमानात गरमागरम ऑम्लेटचा घमघमाट, शेजारचा माणूस बोटं चाटतोय, आणि माझ्यापुढं भोपळ्याचं सूप! 'सर, तुम्हाला चावायला त्रास नको.' बत्तीसच्या बत्तीस दात ठणठणीत असलेला मी, चमच्यानं सूप पितोय! बोट ठेवायला जागा नाही... शी!

पलीकडे उतरलो, गोल फिरलो, पुन्हा त्याच दारातून आत. ती गोंधळली, 'सर, काही विसरलात का?' आता तिथं गप्प बसायचं की नाही? पण इतक्या मायेनं कुणी विचारलं की जीभ सैल सुटते. सगळं ओकलो! कार्डाची मुदत, जाऊन-येऊन, संध्याकाळी बायकोचा निरोप समारंभ... 'अय्या सर, किती छान! कोणती शाळा हो?' मी शाळेचं नाव सांगितलं. पत्ता सांगितला. वर ऐटीत सांगितलं, 'पाचला आहे, पहिल्या रांगेत बसायचंय मला.' स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतात ना लोक? मी तो धोंडा विमानानं आणवला!

एकला उतरायचं ते बारा पन्नासला उतरलो. दहा मिनिटं आधी! दीडला घरी, गालात कापूस. ही आरशापुढं केस विंचरत होती. म्हणाली, 'फार दुखतंय का? बोलू नका मग.' मी मान हलवली. भाषण काढलंच नाही तिनं. दुखऱ्या माणसाला कशाला त्रास, असं वाटलं असणार.

पाच वाजता शाळेत. पहिली रांग. गालात कापूस. मुलांची गाणी झाली, दोन शिक्षकांची भाषणं झाली, भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं... आणि मुख्याध्यापिका बाई उठल्या. हातात एवढा मोठा पुष्पगुच्छ आणि पाकीट. माइकवर खाकरल्या, 'बाईंसाठी एक खास भेट आलेली आहे, थेट विमान कंपनीकडून!' टाळ्या! 'मी वाचून दाखवते हं... आदरणीय मॅडम, आपल्या निवृत्तीबद्दल हार्दिक शुभेच्छा. आपल्या पतींनी दाढदुखीची पर्वा न करता आज सकाळी आमच्याबरोबर जाऊन लगेच परत येण्याचा प्रवास केला. त्यामुळं त्यांचं सोनेरी कार्ड आणखी एक वर्ष कायम राहिलं आहे. या आनंदाच्या क्षणी आपल्यालाही सहभागी करून घेताना...' अहो, सगळं वाचलं त्या बाईनं! शुद्ध, स्पष्ट, स्वल्पविरामाला थांबून! शिक्षकी पेशा! आणि सभागृहात दीडशे माणसं माझ्या गालाकडं बघतायत. कापूस काढावा तरी पंचाईत, ठेवावा तरी पंचाईत.

मग ही उठली. पर्समधून चार पानं काढली, बघितली, आणि पुन्हा घडी घालून आत ठेवली. म्हणाली, 'भाषण लिहून आणलं होतं. सकाळी एकदा कुणाला तरी वाचून दाखवणार होते, ते राहिलं. म्हणून आता वाचत नाही. एवढंच सांगते. एकतीस वर्षं मी मुलांना गैरहजेरीची कारणं विचारत आले. पोटदुखी, दाढदुखी, सगळी मला पाठ आहेत. उद्यापासून मीच गैरहजर.' आणि खाली बसली! टाळ्या काय, शिट्ट्या काय! तेवढं चांगलं भाषण त्या शाळेत झालं नसेल. मी पण वाजवल्या. काय करणार, पहिल्या रांगेत होतो ना!

घरी येऊन भांडली असती तर बरं होतं. त्या पाकिटात आणखी एक चिठ्ठी होती, 'सोनेरी सदस्याच्या जोडीदारासाठी सोबतीचं तिकीट'. हिनं दुसऱ्या दिवशी त्यांना फोन लावला. 'सोबत म्हणजे नवराच हवा का हो?' पलीकडून मधाळ आवाज, 'अजिबात नाही मॅडम, आपल्याला आवडेल ती व्यक्ती!' झालं, हिची थोरली बहीण तयारच होती. हिचं तिकीट त्या चिठ्ठीवर, बहिणीचं माझ्या बावीस वर्षांच्या प्रवासाच्या साठलेल्या पॉइंटांतून. पॉइंट वापरायचे तर माझ्या फोनवर सहा आकडी नंबर येतो म्हणे. आला. ही दारात उभी राहून म्हणाली, 'निदान हा तरी वाचून दाखवा.' दाखवला हो... एकेक आकडा, मोठ्यानं. वीस किलो जास्तीचं सामान दोघी बहिणी घेऊन गेल्या, निराळ्या दरवाजातून. मी रांगेच्या कठड्याबाहेरून हात हलवला. आज तीन आठवडे झाले! परत कधी? 'बघू' म्हणाली. आणि ती विमान कंपनी, 'मॅडम, तारीख हवी तेव्हा बदला, एक पैसा पडणार नाही!' अहो, लावा ना दंड! कुणी सांगितलंय तुम्हाला इतकं चांगलं वागायला?

आणि नियतीचा विनोद बघा, ती गेल्याच्या चौथ्या दिवशी दाढ खरंच दुखायला लागली. खालची, उजवीकडची, जिथं कापूस धरला होता तीच! घरी कोमट पाणी द्यायला कुणी नाही. म्हणून इथं बसलोय, साडेतीन तास...

थांबा, फोन वाजतोय. त्या विमानवाल्यांचाच! बघा, सांगितलं नव्हतं? हॅलो... हो, मीच. हो, सर बोलतोय... उतरल्या का? पुढच्या गावाला? बरं बरं. तिथून आणखी पुढं? बरं... दाढ? तुमच्याकडे नोंद आहे? हो, दुखतेय, खरी दुखतेय हो, दवाखान्यातच बसलोय... काय? मॅडमनी निरोप दिलाय? ...बरं. पाठवतो. नाही, आणखी काही मदत नको. तुमच्या सेवेत... नाही, बोट ठेवायला जागा नाही!

ताई, एक काम करता का? हा घ्या फोन, माझा एक फोटो काढा. असा भिंतीला टेकून उभा राहतो. मॅडमना पुरावा पाहिजे. गाल नाही आला तरी चालेल, पण ती वरची 'दातांचा दवाखाना' पाटी पूर्ण येऊ द्या... आणि ते घड्याळपण घ्या त्यात, वेळ दिसली पाहिजे.