शाळेतल्या टीव्हीची पूजा

परवाच्या खंडेनवमीचं सांगते, ऐका. ग्रामसभेत भांडून मी आमच्या शाळेला मोठा टीव्ही घ्यायला लावला होता. मी दुकानांच्या पाट्या बघून अक्षरं शिकले. नातीनं तरी समुद्र, ज्वालामुखी डोळ्यांनी बघावेत. पूजेला शाळेत गेले, तर टीव्हीला हळदकुंकू आणि झेंडूचा हार!

"काय ओ गुरुजी, पोरांना दाखवता न्हवं ह्यावर?"

"आजी, लई जपलाय! वर्षात एकदाबी लावला न्हाय. वरचं प्लास्टिकसुद्धा तसंच हाय."

"मग घेतला कशाला?"

"पोरं बिघडवत्यात की!"

 घरी येताना नातीला विचारलं, "व्हय गं, त्या टीव्हीत तुला काय दिसतं?"

म्हणाली, "आमीच दिसतो की, आजी. अंधारात बसल्यावानी."