अण्णांचा बंद स्पीकर

बसा मंडळी, टाळ जरा मांडीवर ठेवा! आज आधी एक प्रश्न. देवाचं नाव घेताना माणसाने कान बंद ठेवले, तर ते नाव पोचतं का? हसू नका — मी आज हसवायला उभा नाही!

ऐका. बार्शीचे विनायकअण्णा सोनटक्के. पाटबंधारे खात्यातून निवृत्त, बायको वारलेली, आवाज खणखणीत! रोज सकाळी सहाला घरच्या कॉम्प्युटरवर सामूहिक स्तोत्रपठण चालवायचे. गावोगावची चाळीस माणसं जोडलेली. अण्णांनी सांगायचं, बाकीच्यांनी मागून म्हणायचं. पण इंटरनेटवर आवाज मागेपुढे पोचतो! अण्णा तिसऱ्या ओळीवर, पुणेकर दुसरीवर, आणि मध्येच कुणाच्या तरी कुकरची शिट्टी! अण्णा भडकले. काय केलं? पडद्याच्या कोपऱ्यातली स्पीकरची खूण दाबली, आवाजाची पट्टी ओढली — थेट शून्यावर! आणि स्वतःचा माईक? शंभरावर! म्हणजे जगाने अण्णांचं ऐकायचं, अण्णा कुणाचं ऐकणार नाहीत!

अण्णांची एकुलती एक लेक हेमलता. लातूरला दिलेली. नवरा हात उचलायचा, सासरच्यांनी फोनही काढून घेतलेला. एका सकाळी घरातले सगळे देवळात गेले — हो, देवळात! पोर कॉम्प्युटरपुढे बसली. बाप सहाला तिथे सापडतो, एवढं तिला ठाऊक. जोडली गेली आणि बोलली, "अण्णा, मी हेमा. मला आजच घेऊन जा हो. काल यांनी माझा हात मोडला."

अण्णांचे डोळे मिटलेले. स्तोत्र चालू!

"अण्णा, ऐकताय ना?"

अण्णांचा सूर आणखी चढला! तीनदा हाक मारली हो पोरीने, तीनदा! मग बापाने ऐकून नाही म्हटलं असं समजली. मोडका हात ओढणीत बांधला आणि एकटी बाहेर पडली. सोलापूरला मैत्रिणीकडे गेली. माहेरी नाही!

सासरच्यांनी कळवलंच नाही. अण्णांना कळलं आठ दिवसांनी! पठणातले पद्माकरराव बाजारात भेटले, वाकून पाया पडले. "धन्य आहात अण्णा! लेक रडत होती, पण तुमचं एक अक्षर चुकलं नाही!"

अण्णांनी बाजारातूनच लातूरची एसटी धरली. तिथून पत्ता काढत सोलापूर गाठलं. दारात लेक उभी, हात प्लास्टरमध्ये. "हेमा, स्पीकर बंद होता गं! मला ऐकूच आलं नाही!"

"बंद कुणी केला होता, अण्णा?"

एवढंच बोलली, आणि दार लावून घेतलं.

अण्णांचा राग आला ना? येऊ द्या! पण बाकीचे चाळीस? त्यांचे स्पीकर तर चालू होते! त्यांनी रडणं ऐकलं, घरगुती मामला म्हणून गप्प बसले. बाप लेकीला ऐकूनही पठण करतोय असं वाटलं — आणि त्याला भक्ती म्हणाले! लाज नाही वाटली? त्या चाळिसांतला एक मी होतो. खोटं कशाला बोलू! आणि सहा जण याच मांडवात बसलेत. बघा, माना कुणाच्या खाली गेल्या ते!

आज शेवटचा गजर होणार नाही. नाही म्हणजे नाही! पेटी मिटा. घरी जा. ज्याचं बोलणं तुम्ही तोडलंत, त्याच्यापुढे बसा. "बोल" म्हणा. आणि त्याचं सांगून होईपर्यंत तोंड उघडू नका — देवाचं नाव घ्यायलासुद्धा नाही!