दुहेरी लोकर

हॅलो?… हां, बोल रे… नाही, झोपले कसली, दिवेलागणीला कोण झोपतं… थांब, फोन मानेत धरते, हातात सुया आहेत… हं, बोल आता.

बिट्टी आंघोळीला गेलीय… हो, पुन्हा. उकाडा बघ ना केवढा, दिवसातून दोनदा आंघोळ चाललीय बाईसाहेबांची. बादलीत पाय सोडून गाणी म्हणत बसली असेल… हो, उद्याचा फ्रॉक काढून ठेवलाय. निळा. तिनेच निवडला, मी मध्ये पडले नाही.

हो, माहितीये मला, अकराला… अरे, कोर्टातली ती खोली मला काय सांगतोस, तिथल्या खुर्च्यासुद्धा मी निवडल्यात. मुलांचे पाय जमिनीला टेकले पाहिजेत म्हणून किती भांडले होते, आठवतंय?… हो, तीच. न्यायाधीशबाई एकट्या आणि समोर पोर, कुणाकडे राहायचं ते सांगायला. आई नाही, बाप नाही, वकील नाही… आजी पण नाही. मी आपली बाहेर बाकावर… नियम माझेच, मग मला कशी सूट मिळणार.

काय?… नाही… नाही, ऐक ना, ऐक तर… मी तिला काहीही शिकवणार नाही… हळूच पण नाही. हळूच शिकवलेलं तर सगळ्यात आधी ओळखू येतं. पोर मोठ्या माणसांचे शब्द बोलायला लागतं. 'माझ्या सर्वांगीण विकासासाठी मला बाबांकडे राहायचं आहे', असं एक बालवाडीतलं पोरगं म्हणालं होतं मला, शेंबूड पुसत. मी हसू कसं आवरलं, माझं मला माहीत… हसलास ना? हास, बरं वाटतं ऐकून.

…असं कसं बोलतोस. माझी नात नाही का ती? सूनबाईची नोकरी तिकडे त्या बर्फाच्या गावात. बिट्टी आईबरोबर गेली तर मला वर्षातून एकदा दिसेल, दिसली तर. माझं वय बघ, गुडघे बघ. मी काय दगडाची आहे?… मग. तुझ्याइतकाच माझाही जीव टांगणीला लागलाय.

…हो. म्हण. म्हणून घे एकदाचं… जन्मभर दुसऱ्यांच्या मुलांसाठी, हो. वसतिगृहं, सुधारगृहं, कोर्टं, समित्या… आणि तू शेजारच्या काकूंकडे जेवायचास. मी कुठे नाही म्हणतेय.

कसला आवाज?… सुयांचा रे… हो, अजून तेच. पोरांना बोलतं करायची नोकरी सुटली म्हणून सवय सुटते का. डोळ्यांत डोळे घालून प्रश्न विचारला की मूल मिटतं. आपण खाली बघून टाके मोजत बसायचं, मग बोलतं, हळूहळू… हो, हाताखालच्या मुलींना मी आधी विणायला शिकवायचे, प्रश्नावली नंतर. ऑफिसात 'लोकरखातं' म्हणायचे आम्हाला.

तुझा स्वेटर?… नाही झाला. कधीच नाही झाला. पाठ विणून व्हायची, दुसऱ्या गावाला निघताना सगळं उसवायचं आणि तिथल्या पोरांसमोर त्याच लोकरीने पुन्हा सुरुवात. एकेका गुंड्यावर किती पोरं बोलली असतील… आणि तू थंडीत बाबांचा जुना कोट घालून शाळेत. तो फोटो आहे माझ्याकडे, बाह्या पार गुडघ्यापर्यंत आलेल्या. मी बघते कधी कधी. बघवत नाही रे.

…हं?… ते नको विचारूस मला… बोलली का, काय बोलली, काही विचारू नकोस… मी 'बोलली' असं म्हटलेलं नाही. विचारू नकोस, एवढंच म्हटलं… अरे, मुलाने विश्वासाने सांगितलेलं बाहेर न्यायचं नाही, हे मी आयुष्यभर लोकांना शिकवलं, आणि आता… का म्हणजे? ऐक. एका मुलाने मला सांगितलं होतं, आईकडे राहायचंय. कुणीतरी ते बापाच्या कानावर घातलं, आणि बापाने फोन करणंच बंद केलं. बऱ्याच वर्षांनी भेटला तो मुलगा, चांगला दाढी-मिशीवाला. म्हणाला, मावशी, तुम्ही विचारलंत ते बरं केलंत, पण घरात फोन वाजला की अजून सगळ्यात आधी मीच उठतो… हो. म्हणून.

बरं, ते सोड. जेवलास का?… नुसता चहा नको. दोन अंडी तरी फोड… थांब हं, गळ्याचे टाके उचलतेय… झालंच, आज पुरा होईल… हो, पुरा. हा नाही उसवायचा. म्हटलं, जन्मात एक तरी पुरा करू… बिट्टीचा, आणखी कुणाचा. लोकर दुहेरी घेतलीय, चांगला जाडजूड, गळा पार कानापर्यंत. बाह्या मुद्दाम लांब ठेवल्यात, म्हणजे तिकडे पुढच्या वर्षीही…

…

हॅलो?… आहेस ना?

…अरे, असाच… इथे नाही का पडत थंडी, थोडीफार… नाही… तसं काही नाही… तसं नाही रे…

मी काही सांगितलेलं नाही तुला. ऐकतोयस?… मेली माझी जीभ. एवढ्या पोरांचं एवढं पोटात ठेवलं, आणि घरातल्या एका पोरीचं… रडू नकोस. बाळा, नको ना रडूस.

ऐक, एवढं एक ऐक माझं. तिला तू नको आहेस असं नाही. सारखी तुझीच काळजी, बाबाला साधा भात पण येत नाही म्हणते. तिला एकच भीती आहे, तू तिच्याशी बोलायचा बंद होशील… हो, हेही सांगायला नको होतं. आता बोललेच आहे तर… उद्या ती बाहेर आली की तेव्हाच कळलं असं वाग… मला कळतंय, अवघड आहे. मला नाही का अवघड?

थांब, नळ बंद झाला. येतेय ती. फोन ठेवू नकोस हं. जेवलीस का एवढंच विचार, बाकी काही नको… ये गं, आधी केस पूस, पाणी गळतंय सगळं… हो, बाबाच आहे. घे, बोल.

…काय झालं?… दे बघू इकडे… हॅलो?… हॅलो?…

नाही गं, रागावेल कशाला… रेंज गेली असेल. नाहीतर बॅटरी. त्याचा फोन कधी धड चार्ज असतो का… करेल ना. करेल… हा घे फोन… नाही, माझ्याकडे परत नको देऊस. तुझ्याच हातात ठेव. वाजला की तूच उचल.