चुकामूक झाली तर

सदलगा पोलीस ठाणे, तालुका चिकोडी, जिल्हा बेळगाव
दिनांक १२ फेब्रुवारी २०२५

माझे नाव कांता रायाप्पा मगदूम, वय ६१ वर्षे, धर्म जैन, धंदा घरकाम व शेती, राहणार सदलगा, बसदीच्या (जैन मंदिराच्या) मागे.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, माझे पती रायाप्पा यांच्या मृत्यूबाबत माझा मुलगा गोमटेश याने सहल नेणारा मष्णू, राहणार गुंजी, तालुका खानापूर, याच्याविरुद्ध अर्ज दिला आहे. त्या कामी मला आज बोलावले. मला कन्नड बोलता येते, पण ही हकीकत मला मराठीतच सांगता येईल असे मी म्हणाले, म्हणून मराठीत लिहून घेतली आहे. गोमटेश बाहेर बाकावर बसला आहे. त्याला आत घेऊ नये असे मीच सांगितले.

आमच्या लग्नाला चाळीस वर्षे झाली म्हणून गोमटेशने आम्हा दोघांना मोठ्या जहाजाच्या सहलीला पाठवले. मुंबईत चढायचे, कोचीला उतरून गाव बघायचे, परत येताना गोवा. माझ्या पतींनी जन्मभर पाणी म्हणून दूधगंगा बघितली, तीही पुराची. ते गोमटेशला म्हणाले होते, "अरं, जहाजात बसून मी काय करू? तिथं काय ऊस हाय व्हय?" पण आतून हरखले होते. गावात ज्याला त्याला सांगत सुटले. तिकीट स्वतः काढले, हेच आता गोमटेशला खुपते आहे. तो खोटारडा नाही. बापाच्या दुःखात अर्ज दिला आहे. पण अर्जात लिहिले ते खरे नाही, आणि मष्णूला आत घालाल तर ते साप साप म्हणून भुई धोपटणे होईल.

अर्जात लिहिले आहे की मष्णूने वयस्कर माणसांना काहीही सूचना दिल्या नाहीत. यावर सांगते की, त्या पोराने सूचना देऊन देऊन आमचे डोके उठवले होते. तो स्वतः आठ वर्षे असल्या जहाजावर खोल्या झाडायच्या कामाला होता. निघण्याआधी निपाणीत एका हॉलमध्ये आम्हा एकोणीस जणांना बसवून त्याने शाळेतल्यासारखे सगळे वदवून घेतले. काय काय सांगितले, असे फौजदारसाहेबांनी विचारल्यावरून आठवते तसे सांगते.

गोळ्या मोठ्या बॅगेत टाकायच्या नाहीत, कारण ती बॅग बंदरावरच घेतात आणि खोलीत पोचायला संध्याकाळ होते. गोळ्या कायम अंगावर. जहाजाचे कार्ड गळ्यात, आंघोळीलासुद्धा काढायचे नाही, असे तो म्हणाला तेव्हा बायका हसल्या. जेवणाआधी हात साबणाने धुवायचे, कारण जहाजावर एकाचे पोट बिघडले की सगळ्यांचे बिघडते. वाऱ्यात दार धाडकन मिटते, चौकटीवर बोटे ठेवायची नाहीत. मळमळले तर खोलीत पडून राहायचे नाही, वर येऊन लांब जिथे आभाळ टेकते तिथे बघायचे. आम्हा जैन लोकांचे बिनकांद्याचे, बिनबटाट्याचे जेवण आदल्या दिवशी सांगून ठेवायचे, आणि दिवस मावळायच्या आत पाहिजे हेही सांगायचे. पहिल्याच दिवशी घंटा वाजवून सगळ्यांना आपापल्या जागी उभे करतात, तेव्हा झोपा काढायच्या नाहीत. खरी घंटा झाली तर दागिना नाही, चप्पल नाही, नवरा नाही, बायको नाही, कुणाला शोधायला जायचे नाही. थेट आपल्या जागेवर. तिथे सगळे भेटतात.

गावात उतरल्यावरही तेच. तो म्हणाला, "आक्का, अण्णा, नीट ऐका. जहाज म्हंजे वडापची जीप न्हवं. तुमच्यासाठी थांबणार न्हाय. चुकामूक झाली तर एकमेकाला हुडकत फिरायचं न्हाय. रिक्षा धरायची आनि सरळ जहाजावर यायचं. ज्यो त्यो आपापला आला की भेट हुतीच."

यावर माझे पती हळूच मला म्हणाले, "आपलं निराळं हाय." मी म्हणाले, "व्हय." एवढेच बोलणे झाले.

आपलं निराळं म्हणजे काय, असे विचारल्यावरून सांगते. लग्नाच्या पहिल्या वर्षी आम्ही स्तवनिधीच्या जत्रेला गेलो होतो. गर्दीत हात सुटला. ते मला शोधत डोंगराला एका अंगाने फिरले आणि मी त्यांना शोधत दुसऱ्या अंगाने. दोघेही फिरतच राहिलो. शेवटी नारळाच्या दुकानापाशी भेट झाली तेव्हा मी रडत होते आणि ते चिडले होते. त्या दिवशी त्यांनी मला सांगितले, "पुन्यांदा चुकामूक झाली तर तू हलायचं न्हाय. जितं हायस तितंच थांब. मी येतो." तेव्हापासून तसेच ठरले. निपाणीचा बाजार असो, बेळगावचा दवाखाना असो, लग्नाचा मांडव असो, मी जागची हलत नसे आणि ते येत. त्यांना पुढे पुढे चालायची खोड होती, बायको मागे आहे की नाही हे मैलाचा दगड आल्यावर बघणारा माणूस. पण आले नाहीत असे कधी झाले नाही.

२९ जानेवारी रोजी सकाळी जहाज कोचीला लागले. साडेपाचच्या आत परत या, सहाला जहाज सुटणार, असे मष्णूने दारातच प्रत्येकाला सांगितले. समुद्रात फोनचे बिल फार येते म्हणून सगळ्यांचे फोन त्याने विमानाच्या खुणेवर ठेवायला लावले होते. बंदरात तो एकेकाचा फोन घेऊन चालू करत होता. माझ्या पतींनी फोन दिला नाही. "माझं मी करतो रं, मला काय कळत न्हाय व्हय?" असे म्हणाले. त्यांचे त्यांना ते जमले नाही, आणि आम्हा दोघांत फोन तो एकच. मष्णूने फोन बंद करून ठेवला असे अर्जात आहे, ते या कारणाने बरोबर नाही.

दुपारी मट्टनचेरीत गेलो. तिथे जिनमंदिर आहे असे कळल्यावर माझे पती सकाळीच धुतलेला सदरा घालून निघाले होते. आदल्या दिवशी वापरलेला सदरा घालून दर्शनाला जाणारे ते नव्हते, परदेशात नेले असते तरी नसते. त्यांच्या छातीच्या दुखण्याच्या गोळ्यांची पट्टी त्या आदल्या दिवशीच्या सदऱ्याच्या खिशात राहिली. हे मला त्या वेळी माहीत नव्हते. दर्शन छान झाले. बाकीचे लोक मष्णूबरोबर पुढे गेले होते, आम्ही मागून येतो असे सांगून माझ्या पतींनीच त्याला वाटेला लावले.

नंतर मसाल्याच्या दुकानांची गल्ली लागली. एका दुकानात वेलदोड्याचे पोते उघडे होते, म्हणून मी थांबले. वर बघितले तर हे नाहीत. मी तिथेच उभी राहिले.

यापुढची काही हकीकत मी पाहिलेली नाही. ती आमच्यातल्या अक्काताई, राहणार निपाणी, यांनी व मष्णूने मला सांगितली. माझे पती मागे वळले, पण तिथल्या सगळ्या गल्ल्या सारख्याच, त्यांना ते दुकान सापडेना. तेव्हा त्यांना मष्णूचे बोलणे आठवले. मीही तेच ऐकलेले, तर मीही रिक्षा करून गेली असेन, असे त्यांना वाटले. ते जहाजावर गेले. जहाजावर कार्ड लावले की कोण आले, कोण नाही ते कळते. मष्णूने विचारून सांगितले, "आक्का अजून आल्या न्हायत, अण्णा. अजून टाइम हाय. मी बंदरातल्या आपल्या माणसाला फोन लावतो, तुमी हितंच बसा."

माझे पती खाली बसले आणि लगेच उठले. अक्काताईंनी ऐकले ते असे : "मी बी काय खुळा. ती यायची न्हाय. ती तितंच हुबी असंल." मष्णूने त्यांचा हात धरला. त्यांनी सोडवून घेतला. मष्णू त्यांच्यामागे उतरला नाही असे गोमटेश म्हणतो. त्याच्याजवळ बाकीची सतरा माणसे होती, त्यातल्या दोघी दुखरे पाय धरून बसलेल्या. तो उतरला असता तर आज दुसऱ्या कुणाच्या मुलाने अर्ज दिला असता. ज्याचं करावं बरं, तो म्हणतो माझंच खरं.

इकडे दुकानातल्या बाईने मला स्टूल दिले. ती मल्याळी बोलत होती, मी कन्नडमध्ये बोलत होते, दोघींचे बरे चालले होते. रिक्षा हवी का असे ती खुणेने विचारत होती. मी नाही म्हणत होते. भीती वाटली का, असे फौजदारसाहेबांनी विचारले. वाटली नाही. राग येत होता. त्यांना काय काय बोलायचे ते मी मनात जुळवत बसले होते.

ते रिक्षातून आले. सदरा घामाने भिजलेला होता. लांबूनच म्हणाले, "हाललीस न्हाय न्हवं?"

मी म्हणाले, "कुटं हालतीया? तुमीच सांगितलतासा."

स्टुलावर बसले आणि हसायला लागले. तेवढ्यात खाडीकडून जहाजाचा भोंगा झाला, लांबलचक. ते म्हणाले, "गेलं बघ आपलं वडाप. जाऊ दे. रेल्वेनं जाऊ. बेळगावास्नंच जाती गाडी." जुळवलेले सगळे बोलणे मी विसरले. मला फार बरे वाटले, हेही लिहून घ्यावे.

मग त्यांनी खिशात हात घातला. दुसऱ्या खिशात घातला. मला म्हणाले, "गोळ्या कालच्या सदऱ्यातच ऱ्हाईल्या गं." तोंड पांढरे पडले होते. दुकानातल्या बाईने माझ्या गळ्यातल्या कार्डाच्या पिशवीतली चिठ्ठी काढून बंदरातल्या माणसाला फोन केला. तो नंबर मष्णूने आम्हा सगळ्यांच्या पिशवीत घालून ठेवलेला होता. ॲम्ब्युलन्स त्या फोनमुळे आली.

ती येईपर्यंत त्यांनी काही खाल्ले-प्यायले का, असे विचारल्यावरून सांगते की, घसा सुकला म्हणाले. पण त्यांचा चाळीस वर्षांचा नियम होता, दिवस मावळला की पाणीसुद्धा नाही. त्यांनी मला विचारले, "दिस बुडाला काय गं?" त्या गल्लीतून आभाळ दिसत नव्हते. दुकानात दिवे लागलेले होते. मी म्हणाले, "न्हाय अजून. पिवा." ते दोन घोट प्यायले. सूर्य मावळला होता की नव्हता, हे मला सांगता येणार नाही. त्याबद्दल जे काय असेल ते माझ्याकडे लागावे, त्यांच्याकडे नको.

दवाखान्यात नेल्यावर डॉक्टरांनी ते वाटेतच गेल्याचे सांगितले. दुसऱ्या दिवशी गोमटेश विमानाने आला. काय झाले ते न विचारता तो माझा हात धरून बसला. सदलग्यात आणून अंत्यविधी केला.

मष्णू गोव्यात जहाज लागल्याबरोबर उतरला, बाकीच्यांना अक्काताईंच्या हवाली करून. आमच्या खोलीतले सामान नीट घड्या घालून बॅगेत भरून तो सदलग्याला घेऊन आला. गोमटेशने त्याला उंबऱ्याच्या आत येऊ दिले नाही. तो आमच्या दारासमोर उन्हात बॅग धरून उभा होता. मी बाहेर गेले तेव्हा म्हणाला, "आक्का, हुडकत फिरू नका म्हणून मीच सांगितलतो." मी त्याला म्हणाले, "तू सांगितलास ते जहाजासाठी बरोबर सांगितलास, बाळा." त्याच्या बोलण्यात चूक नव्हती. आमच्या ठरण्यातही नव्हती. दोन्ही बरोबर होती म्हणून असे झाले.

त्या बॅगेतली गोळ्यांची पट्टी मी आज हजर करत आहे. सदरा हजर करणार नाही. तो मागू नये.

"मला काही सांगितलेलं आठवत न्हाय, एवढंच म्हण," असे मला घरातून निघताना सांगण्यात आले होते. कुणी सांगितले ते लिहू नये. मला सगळे आठवते. माझी मष्णूविरुद्ध, जहाजाविरुद्ध किंवा कोणाहीविरुद्ध तक्रार नाही. गोमटेशवर मी रागावलेली नाही, हे त्याला फौजदारसाहेबांनीच सांगावे. माझे तो ऐकून घेत नाही.

पुढे काही कागद पाठवायचा झाल्यास कोणत्या पत्त्यावर पाठवावा, असे मला विचारले. गोमटेशने बेळगावचा त्याचा पत्ता दिला आहे, आईला मी तिकडेच घेऊन जाणार असे तो म्हणतो. सूनबाई सोनल हिनेही माझ्यासाठी खोली रिकामी केली आहे. त्यांच्या मायेबद्दल माझे काही म्हणणे नाही. पण तो पत्ता खोडून सदलग्याचाच लिहावा. आमची चुकामूक झालेली आहे, आणि अशा वेळी मी हलायचे नाही, असे ठरलेले आहे.

वरील सर्व मजकूर फौजदारसाहेबांनी मला आधी मराठीत व मग कन्नडमध्ये मोठ्याने वाचून दाखवला. त्यात एके ठिकाणी 'मयत इसम' असे होते, तिथे रायाप्पा असे नाव घालायला सांगितले व ते घातले. आता माझ्या सांगण्याप्रमाणे आहे. पत्ताही बरोबर आहे.

सही : कांता रायाप्पा मगदूम