लेव्याची टोपली

(वाडी. गोदामामागची खोली. आनंदराव, त्याची बायको शामला, आणि चर्चचे सेक्रेटरी रुपराव.)

रुपराव : दोन रविवार घंटा वाजली नाही, आनंदराव! लोक बंद दारापुढं उभे, अन् शिव्या मले!

आनंदराव : किल्ली तर पाळकसाहेबाले देल्ली होती जी.

रुपराव : त्याइच्यानं कुलूप उघडत नाही! अन् ते गीत एवढ्या वरच्या सुरात उचलतेत का सारे चूप होऊन जातेत. वीस वर्षं तू दार पाह्यलं, गीत धरलं. आता इथं चौकीदारी करून राहिला? काहून गा?

शामला : काहून म्हणता, भाऊजी? हंगामाच्या सणाले लोक चर्चात धान्याच्या टोपल्या वाहतेत, त्यातली पहिली टोपली दारवाल्याची, बाकीच्याइचा लिलाव. मी लग्न होऊन आली तवापासून हेच पाह्यलं. औंदा तुमी तिचाबी लिलाव केला!

रुपराव : चुकून झालं, वहिनी. सारं एकाच टेबलावर ठेवलं होतं...

शामला : अन् बोली कोण बोललं? तुमीच ना? आमी राशनचा लाल मिलो, ते बाहेरदेशची हलकी ज्वारी, खाऊन राहिलो, अन् आमची ज्वारी तुमच्या घरी!

रुपराव : अरे बाप्पा! आनंदराव, समजाव ना हिले. त्याच दिवशी पाळकसाहेबानं साऱ्यांसमोर तुले ‘आपला लेवी’ म्हटलं!

आनंदराव : म्हटलं ना. बायबलातले लेवी, मंदिराचे सेवक, बाबेलच्या कैदेतून परतले, मंदिरात गायले, दारं राखली. मंग लोकाइनं त्याइचा धान्याचा वाटाच देल्ला नाही, तवा ते आपापल्या शेतावर चालले गेले, अन् देवाचं घर ओस पडलं. असंच सांगतलं ना त्याइनं?

रुपराव : हो.

आनंदराव : तुमी ‘आमेन’ म्हटलं. लय जोरानं. मले दारात ऐकू आलं. अन् बाहेर येऊन आमचीच टोपली उचलली.

रुपराव : ...ध्यानातच नाही आलं गा. देवाशप्पथ. आज आणून देतो. ती ज्वारी तर दळली, पण दुसरी देतो.

शामला : दळलीबी!

रुपराव : वहिनी, हात जोडतो. आनंदराव, येत्या रविवारी ये बाबा.

आनंदराव : येईन ना. सुट्टी मागून घेईन.

रुपराव : सुटलो! मंग घंटा...

आनंदराव : घंटा तुमी वाजवा. दारबी तुमीच पाहा. कुलूप जरासं वर उचलून किल्ली फिरवा, उघडते. मी अन् शामला बाकावर बसू.

रुपराव : बसू म्हणजे?

आनंदराव : वीस वर्षं दारात उभाच होतो जी. एकदा बसून पाहतो.