हवालदार ढब्बूची घसरण

नवरा : तुझी बारीक कात्री कुठंय?

बायको : आधी पाय पुसा. दोघांनीही.

नवरा : आईचा फोन आला तर मी झोपलोय.

बायको : भर दुपारी?

नवरा : डिमोटला आपल्या भाषेत काय म्हणतात गं?

बायको : कोण झालं? तुम्ही?

नवरा : ढब्बू.

बायको : कुत्रा?

नवरा : सकाळपर्यंत हवालदार होता. आता नाईक.

बायको : (हसू दाबत) गुन्हा काय केला हवालदारसाहेबांनी?

नवरा : मोठ्या साहेबांच्या भाषणात झोपला.

बायको : भाषणात सगळेच झोपतात.

नवरा : घोरला तेवढा हाच. माईकखाली.

बायको : म्हणजे नापास झाला म्हणा की.

नवरा : नापास झालेला त्याच वर्गात राहतो. याला मागच्या वर्गात बसवलंय. काढून टाकलं तर माणूस सुटतो तरी. डिमोट म्हणजे रोज तिथंच जायचं, आणि काल ज्याने सलाम ठोकला त्यालाच आज आपण ठोकायचा.

बायको : याला कुठं ठोकता येतो सलाम? आणि हाडूक तेवढंच मिळणार ना? मग त्याचं काय बिघडलं?

नवरा : त्याचं नाही, माझं. आमच्या श्वानपथकात कुत्रा त्याला सांभाळणाऱ्यापेक्षा एक पायरी वर असतो. त्याच्यावर हात उगारला की वरिष्ठावर उगारल्याचा गुन्हा.

बायको : आणि तुम्हीही नाईकच.

नवरा : बरोबरी चालत नाही. एक तर ढब्बूला एखाद्या शिपायाकडे द्यायचं...

बायको : कुठल्या?

नवरा : लाथाड्याकडे.

बायको : तो? तो तर स्वतःच्या सायकललाही लाथ घालतो!

नवरा : नाही तर मी शिपाई व्हायचं.

बायको : म्हणून कात्री? अहो, बाहीवरच्या त्या पट्ट्यांपायी केस पिकवलेत! सासूबाई तर दूधवाल्यालाही ऐकवतात, ‘माझा मुलगा नाईक आहे’ म्हणून.

नवरा : म्हणून तर फोन नको.

बायको : साहेबांना काय सांगून आलात?

नवरा : घरी विचारून सांगतो म्हणालो.

बायको : थापा.

नवरा : ...सांगून आलो. मलाच उतरवा म्हणालो.

बायको : वाटलंच मला. काढा तो शर्ट. तुम्ही कापाल तर बाहीच हातात येईल.

नवरा : रागावलीस?

बायको : भयंकर. सरळ बसा. आणि त्याच्यासमोर डोळे पुसू नका, वरिष्ठ आहे तो तुमचा.

नवरा : आणला तेव्हा माझ्या टोपीत मावला होता.